एम.ए. (फिजिकल)

निवृत्तीला तीन महिने उरले होते, तेव्हा पर्सोनेल खात्यातल्या मुलीनं माझ्या सर्व्हिस रेकॉर्डची प्रत तपासायला दिली. नाव, जन्मतारीख, नॉमिनी, सगळं बरोबर होतं. शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं : एम.ए. (फिजिकल). १९८४ साली कुणीतरी 'फिल.'चा असा विस्तार करून ठेवला आणि सदतीस वर्षं तो तसाच सरकत आला, आधी एका रजिस्टरातून दुसऱ्यात, मग तिथून कॉम्प्युटरमध्ये. "सर, म्हणजे फिजिकल एज्युकेशन का?" तिनं विचारलं. माझ्या पोटाकडे बघून तिला शंका आली असावी. मी म्हटलं, "तत्त्वज्ञान. पण राहू दे आता."

मी एका सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीत क्लेम बघायचो. आगीचे, जहाजाचे, आणि शेवटची तेरा वर्षं माणसांचे. माझी सही झाली की कुणाला तरी चेक जायचा, नाहीतर पत्र जायचं. पत्राला आमच्यात 'रेप्युडिएशन' म्हणतात. मराठीत 'नाकारलं' एवढंच.

वडील बार्शीच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. बी.ए. झाल्यावर मी पुण्याला तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करणार म्हटलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ते म्हातारपणी करायचं असतं." नातेवाइकांनी मी संन्यास घेणार असं धरूनच चालायला सुरुवात केली. १९८१च्या जूनमध्ये छोट्या लाइनच्या गाडीनं कुर्डुवाडीपर्यंत आणि तिथून मोठ्या गाडीनं पुण्याला गेलो, तेव्हा आईनं शेंगदाण्याच्या लाडवांबरोबर जपाची माळही ट्रंकेत घातली होती. असू दे बरोबर, म्हणून.

गणेशखिंडीच्या त्या आवारात आमच्या वर्गात आम्ही सात जण. एकाला एम.पी.एस.सी.च्या अभ्यासासाठी हॉस्टेलची खोली हवी होती. एक खरोखर मुक्तीच्या शोधात आला होता. त्याला पहिल्याच सत्रात कोपीच्या 'सिंबॉलिक लॉजिक'नं पळवून लावलं. उरलेले आम्ही काय शोधत होतो ते आम्हालाही सांगता आलं नसतं. जयकर ग्रंथालयात वाडेकरांनी संपादित केलेल्या 'मराठी तत्त्वज्ञान महाकोशा'चे तीन जाडजूड खंड होते. ते पुढ्यात घेऊन बसलं की निदान आपण काहीतरी भारदस्त करतोय असं वाटायचं. बारलिंग्यांनी सुरू केलेलं 'परामर्श' तेव्हा नवं होतं. आमचा दुसरा वर्ग संपत आला त्याच वर्षी, १९८३ साली, मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांनी पुण्यात जुन्या वळणाच्या नैयायिक पंडितांना आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेल्या प्राध्यापकांना समोरासमोर बसवलं. बर्ट्रंड रसेलचं म्हणणं संस्कृतात मांडायचं आणि पंडितांनी त्याचा समाचार घ्यायचा. आम्हा पोरांना तिथं कोण घेणार! पण नंतर कित्येक दिवस आमचे सर त्या बैठकींबद्दल, दुसरा माणूस क्रिकेटच्या मॅचबद्दल बोलतो तसे बोलायचे.

सरांचा न्यायदर्शनाचा तास दुपारी असायचा, झोपेच्या वेळेला. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं : घडा. म्हणाले, "याचं कारण सांगा." माती, चाक, दांडा, कुंभार. इथवर कुणीही सांगेल. "मग दांड्याचं दांडेपण? दांड्याचा रंग? आकाश? कुंभाराचा बाप? आणि ही सगळी माती ज्यानं पाठीवरून आणली ते गाढव?" सगळेच घड्याच्या आधी हजर होते. कुंभाराचा बाप नसता तर कुंभार नसता, हेही खरं. पण विश्वनाथानं 'भाषापरिच्छेदा'त या पाच जणांना रांगेत उभं करून परत पाठवलंय. तुम्ही आधी होतात हे मान्य, कारण मात्र तुम्ही नव्हे. याला शब्द आहे अन्यथासिद्ध. गाढव हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं.

मला गाढवाची दया आली. मी म्हटलं, "सर, गाढव नसेल तर माती येणार कशी?" सर म्हणाले, "कुंभारवेशीत जाऊन विचारा."

आम्ही तिघे खरंच गेलो. पी.एम.टी.नं शनिवारवाड्यापर्यंत आणि पुढे चालत. एका म्हाताऱ्या कुंभारानं आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गाढवं दोन वर्षांखाली विकली. आता टेम्पोनं येती माती." विश्वनाथाला हवं होतं नेमकं तेच. गाढव गेलं तरी घडे होतच होते. आम्ही खूश होऊन उठलो, तेवढ्यात तो म्हणाला, "पर गाढव उधारी मागत न्हवतं. टेम्पोवाला दारात उभा ऱ्हातो." हे ग्रंथात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तर ते इतके हसले की तास तिथंच संपला.

दुसरं गाढव पाश्चात्त्य नीतिशास्त्राच्या पेपरात भेटलं. ऑक्सफर्डच्या ऑस्टिननं १९५६ साली सबबींवर एक भाषण दिलं, त्याच्या तळटीपेत ते आहे. तुमचं एक गाढव, माझं एक, दोन्ही एकाच रानात चरतात. मला माझं नकोसं झालंय. बंदूक रोखतो, नेम धरतो, मारतो, आणि जवळ जाऊन बघतो तर तुमचं मेलेलं. किंवा माझ्याच गाढवावर नेम धरलाय, पण चाप ओढायला आणि जनावरं हलायला एक गाठ पडते आणि तुमचं आडवं होतं. पहिल्यात मी चूक केली, दुसऱ्यात अपघात झाला. ऑस्टिनचं म्हणणं असं की हा फरक रोजच्या भाषेत कधीचा आहे, आपण नीट ऐकत नाही इतकंच. मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं की मराठीत मात्र दोन्हीकडे 'चुकून'च म्हणतात. सरांनी समासात बरोबरची खूण केली होती. ती वही अजून आहे.

नोकरी मला तत्त्वज्ञानानं मिळाली नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण या विषयावर बोलणारे हल्ली फार गोड बोलतात. लेखी परीक्षेत इंग्रजी आणि अंकगणित होतं. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "फिलॉसॉफी? मग इथे कशाला?" मी म्हटलं, "पगारासाठी." ते हसले आणि मी लागलो.

फोर्टातलं ते ऑफिस जुनं होतं. १९७३च्या राष्ट्रीयीकरणात १०७ कंपन्या मोडून चार केल्या, त्यातली आमची एक. माझ्या टेबलाच्या खणाला अजून कुठल्यातरी बुडालेल्या कंपनीची पितळी पट्टी होती. पहिल्याच महिन्यात सीनिअरनं इन्स्टिट्यूटच्या परीक्षेचं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाला, "बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल, प्रॉक्झिमेट कॉज वाच." वाचलं आणि मला गाढव दिसलं.

विम्यात सगळा खेळ कारणाचा. आग लागली, बंबानं पाणी मारलं, कापड भिजून गेलं. भिवंडीच्या गोदामात हे कायम व्हायचं. पाण्यानं नुकसान झालं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पाणी आगीमुळेच आलं. पण कारण किती मागे न्यायचं? निकटचं कारण म्हणजे वेळेनं निकटचं नव्हे, जोरानं निकटचं, असं आमचं पुस्तक शिकवायचं. त्यासाठी जहाजाचा एक जुना खटला देत. 'इकारिया' नावाच्या बोटीला १९१५ साली जर्मन टॉर्पेडो लागला. तिला ओढत ल हाव्रच्या बंदरात आणलं. वादळ आलं, ती धक्क्यावर आपटायला लागली. इथं बुडाली तर धक्का अडेल म्हणून बंदरवाल्यांनी तिला बाहेर हलवलं. तिथं प्रत्येक ओहोटीला तिची तळी जमिनीला टेकायची. दोन दिवसांत कणा मोडून बुडाली. पॉलिसीत युद्धाचं नुकसान वगळलेलं होतं. मग बोट कशानं बुडाली? वादळानं, की बंदरवाल्यांच्या हुकुमानं, की टॉर्पेडोनं? १९१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं, टॉर्पेडोनं. त्यातल्या एका न्यायमूर्तींचा मुद्दा मला फार आवडला होता : कारणांना साखळी म्हणणं फसवं, ते जाळं असतं. आमचे नैयायिक त्याला सामग्री म्हणतात. मी उत्साहानं हे सीनिअरला सांगितलं. तो म्हणाला, "पेपरात लिहू नकोस."

मी पेपरात लिहिलं नाही, पत्रांत लिहायला लागलो. माझी नाकारण्याची पत्रं चांगली व्हायची. एका व्यापाऱ्याच्या शेजारच्या इमारतीला आग लागून गेली होती. आग विझून काही दिवस झाल्यावर वारा सुटला आणि तिची जळकी भिंत याच्या मालावर पडली. सर्व्हेअर म्हणत होता, काहीतरी देऊन मिटवा. मी दोन पानी पत्र लिहिलं. आग ही भिंतीच्या पडण्याची आजी, आई नव्हे, असा त्याचा एकंदर सूर होता, अर्थात इंग्रजीत. कायद्याला धरून होतं. मॅनेजर साहेब खूश झाले. तेव्हापासून मला ऑफिसात 'फिलॉसॉफर' म्हणायला लागले, आणि माझ्या पत्रांच्या प्रती रीजनल ऑफिसमधून नमुना म्हणून फिरायला लागल्या. नवीन पोरं येऊन विचारायची, "सर, हा कसा काढायचा?" काढायचा म्हणजे नाकारायचा.

गौतमाच्या न्यायसूत्रांत भांडणाचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. आणि जिथं स्वतःला काहीच सिद्ध करायचं नसतं, फक्त समोरच्याचं मोडायचं असतं, ती वितंडा. एम.ए.ला यावर दहा मार्कांचा प्रश्न होता, मला आठ पडले होते. मी रोज सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच यातलं काय करतो, असा प्रश्न चोवीस वर्षं मला पडला नाही. पगार वेळेवर व्हायचा.

२००८ साली बढतीवर सोलापूरला आलो. २००५-०६पासून राज्य सरकारनं शेतकऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना काढली होती. हप्ता सरकार भरायचं, शेतकरी अपघातानं गेला तर वारसाला १ लाख. (पुढे २०१५-१६पासून २ लाख झाले.) साप चावणं, वीज पडणं, शॉक लागणं, विहिरीत पडणं, सगळं यात. आत्महत्या, दारूच्या नशेत झालेलं आणि नैसर्गिक मरण वगळलेलं. फायली तालुका कृषी अधिकाऱ्याकडून यायच्या. सात-बारा, फेरफार, वारस नोंद, पंचनामा, पी.एम. रिपोर्ट. मी बार्शीचा खरा, पण गिरणीच्या चाळीत वाढलेला. ज्वारीचं ताट आणि उसाचं कांडं यापलीकडे शेतीशी ओळख नव्हती. कागद मात्र वाचता येत होते.

फाईल मोहोळ तालुक्यातली होती. वय ३४. फेब्रुवारीत पहाटे विहिरीत सापडलेला. पी.एम. म्हणत होता, पाण्यात बुडून श्वास कोंडल्यानं मृत्यू, डोक्याच्या मागे जखम. पंचनाम्यात हवालदाराच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, की मयत हा रात्री अंदाजे दोन वाजता विहिरीतील फुटबॉल काढणेकामी उतरला असता पाय घसरून पडला. आमच्या तपासनिसानं जोडलेलं, की मयतावर सोसायटीचं कर्ज, शिवाय सावकाराचंही असावं. शेजारी सांगतात, टेन्शनमध्ये होता.

मी नोट लिहिली. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : 'डिसीज्ड इज स्टेटेड टू हॅव एंटर्ड द वेल अॅट टू ए.एम. टू रिट्रीव्ह अ फुटबॉल.' खाली 'हायली इम्प्रॉबेबल'. पुढे कर्ज, कर्जावरून मनःस्थिती, मनःस्थितीवरून आत्महत्या. पायरीला पायरी लागलेली. चौतीस वर्षांचा बाप्या रात्री दोनला चेंडू काढायला विहिरीत उतरतो, यावर मी स्वतःशी जरासा हसलोही असेन. पत्र गेलं.

आषाढी आठवड्यावर आली होती. स्टँड वारकऱ्यांनी भरलेला. त्या गर्दीतून ती बाई आणि तिचा दीर दुपारी ऑफिसात आले. दिराच्या खांद्यावर गोणपाट. ती तिशीच्या आतली, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. माझ्यासमोर उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही. घडी करकरून मऊ झालेलं माझं पत्र तिनं टेबलावर ठेवलं.

"गुरुजींकडून वाचून घेतलं, साहेब," ती म्हणाली. "त्यात चेंडू लिवलंय."

मग दिराला खूण केली. त्यानं गोणपाटातून एक लोखंडी वस्तू काढली आणि माझ्या टेबलाच्या काचेवर ठेवली. नारळापेक्षा जरा मोठी, गंजलेली, खाली भोकाभोकांची जाळी. जाळीत वाळलेलं शेवाळ, पाचोळा आणि पॉलिथीनचा एक निळा तुकडा अडकलेला. काचेवर गंजाचं गोल वर्तुळ उमटलं.

"ह्यो फुटबॉल."

मला काही सुचेना. दीर म्हणाला, "मोटारीच्या पायपाला पाण्यात खाली बसवत्यात, साहेब. ह्यात कचरा अडकला की मोटार हवा धरती, पानी उचलत न्हाई. लाईट त्या हप्त्यात रातची हुती, बारापासनं. कांद्याला पानी द्यायचं हुतं. त्यो उतरला कचरा काढाया."

फुट व्हॉल्व्ह. इंग्रजीतून निघालेला शब्द मराठीत जाऊन फुटबॉल झाला होता आणि मी तो उचलून इंग्रजीत परत मैदानावर टाकला होता. आमचा शिपाई चहा घेऊन आत आला होता, तो ती वस्तू बघून अगदी सहज म्हणाला, "फुटबॉल हाय की. कुनाचा?" त्याचा जन्म गेला होता शेतात. ती फाईल माझ्या टेबलावर त्यानंच आणून ठेवली होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण ताई, कर्ज होतं ना?"

"कर्ज कुनाला न्हाई, साहेब?" तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "गावात कुनाला न्हाई? तुमाला न्हाई?"

माझ्यावर घराचं कर्ज होतं. कंपनीचंच.

सव्यभिचार. हा शब्द मला त्या क्षणी अगदी सरांच्या आवाजात ऐकू आला. जिथं साध्य आहे तिथंही हेतू आहे, आणि जिथं नाही तिथंही आहे, मग तो हेतू कसला? जीव दिलेल्यांवर कर्ज असतं, न दिलेल्यांवरही असतं. हेत्वाभासांतला हा पहिला आणि सगळ्यात सोपा. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हातात घेतलेल्या पोरालाही येतो. मला पेपरात आला होता. फाईलवर आला नव्हता.

नंतर या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केलाय. तत्त्वज्ञान शिकल्यानं माणूस कमी चुकतो, असं हल्ली म्हणतात. 'क्रिटिकल थिंकिंग'ची वर्कशॉप्स आमच्याही कंपनीनं घेतली, दुपारच्या जेवणासकट. माझा अनुभव उलटा आहे. माझं शिक्षण माझ्या चुकीला आडवं आलं नाही, उलट त्यानंच तिला इस्त्री करून दिली. साध्या क्लार्कनं 'डाउटफुल' लिहून सोडून दिलं असतं. त्यावर कुणीतरी पुन्हा विचारलं असतं. मी पायऱ्या बांधल्या, म्हणून कुणी विचारलं नाही. ज्या माणसानं शब्द कसे ऐकावेत यावर ऑस्टिनच्या मागे वर्ष घालवलं, त्यानं पंचनाम्यातला एक शब्द शिपायाला विचारला नाही.

मग उपयोग काय झाला? झाला तो नंतर. त्या दिवशी मला बाईची कीव येऊन तेवढी एक फाईल मी फिरवली असती तर तेही चांगलंच होतं. पण कीव पुढच्या फाईलपर्यंत टिकत नाही, हे मी ऑफिसात रोज बघत होतो. मला मात्र माझी चूक नावानिशी कळली होती, आणि नाव कळलं की ती दुसरीकडेही ओळखू यायला लागते. मी त्या आठवड्यात मागच्या दोन वर्षांतल्या नाकारलेल्या फायली कपाटातून काढायला लावल्या. बऱ्याच ठिकाणी नाकारणं बरोबरच होतं. काही ठिकाणी मात्र तोच हेतू होता, कर्ज, आणि तीच उडी. त्यातल्या चार फिरवता आल्या. एकीत वारस म्हणून लावलेली आईच मधल्या काळात गेली होती. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तपासनिसांच्या छापील नमुन्यात 'मयतावर कर्ज होते काय?' असा रकाना होता. तो मी आमच्यापुरता काढून टाकला. त्याऐवजी लिहायला लावलं, की गावचा शब्द गावाच्याच भाषेत जसाच्या तसा लिहा आणि त्याचा अर्थ गावातल्या माणसाला विचारून पुढे मांडा. 'औषध' याचा नीट उलगडा व्हायला लागला तो त्यानंतर. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात, आणि 'औषध पिला' म्हटलं की ऐकणारा ठरवून मोकळा होतो. पण अंधारात खोकल्याची समजून भलतीच बाटली तोंडाला लावणाराही औषधच पितो. तिथं माझी जुनी वही कामाला आली. ही गाढवावर धरलेल्या नेमातली चूक, की जनावर हलल्याचा अपघात, की दोन्ही नाही? बाटली कुठे होती, झाकण कसलं होतं, खोलीत लाईट होती का, हे आम्ही विचारायला लागलो. वगळलेलं कारण सिद्ध करायची जबाबदारी विमा कंपनीवर असते, हे कायदाही सांगतोच. वितंडेला परवानगी नाहीच मुळी. आम्ही ती स्वतःहून घेतली होती.

'फिलॉसॉफर' हे नाव सोलापुरातही मागोमाग आलंच. पण पुढे पुढे ते जरा वैतागानं घेतलं जायला लागलं. माझ्या टेबलावर फायली साठायच्या. डिव्हिजनच्या आकड्यांत आमचा निकाली काढण्याचा वेग कमी दिसायचा आणि त्याबद्दल मी दोनदा बोलणी खाल्ली. ती खायला हवीच होती. थांबलेल्या प्रत्येक फाईलमागेही कुणीतरी चेकची वाट बघत असतं, आणि विचार करण्याचा खर्च त्यांनी सोसायचा, हे काही बरोबर नव्हे.

नोकरीतली सगळ्यात सुखाची दुपार २०१९ सालची. सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता. मोझांबिकमध्ये चहाच्या कारखान्यात नोकरीला असलेला एक माणूस मलेरियानं गेला. डास चावणं हा अपघात, म्हणून अपघात विम्याचे पैसे मिळावेत, असं घरच्यांचं म्हणणं. ग्राहक आयोगानं ते मानलं होतं. न्यायालयानं मानलं नाही. ज्या देशात दर तिघांतल्या एकाला मलेरिया होतो तिथं तो होणं अनपेक्षित नव्हे, आजारच. आमच्या ऑफिसातली दोन नवीन पोरं यावर जेवणाच्या सुट्टीत भांडत होती. एक म्हणाला, "साप चावला तर अपघात, डास चावला तर आजार. मग फरक काय दातांचा?" दुसरी म्हणाली, "आणि आपल्या भागात साप काय कमी आहेत? मग तोही अपेक्षितच की!" मी डबा तसाच ठेवून त्यांच्यात जाऊन बसलो. अपेक्षित कुणाला? गावाला, की त्या माणसाला? वर्षाच्या हिशेबानं, की त्या रात्रीच्या? चार वाजले तरी आमचं काही ठरलं नाही. कुणालाही जिंकायचं नव्हतं. गणेशखिंडीतली झोपेची वेळ आठवली.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. बारावी झालेली, हुशार, तिला बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचंय. "तुम्ही त्यातलेच. तुम्हीच सांगा हिला, काय मिळतं त्यात," ते म्हणाले. मी आमच्या सात जणांचा हिशेब सांगितला : एक प्राध्यापक, एक पोलीस खात्यात, दोघे बँकेत, एक शेती करतो, मी विम्यात, आणि मुक्तीवाला कुठे आहे ते ठाऊक नाही. गृहस्थांना हा हिशेब आवडला. मग मी मुलीला कुंभाराच्या गाढवाची गोष्ट सांगितली. वडील घड्याळ बघत होते. तिनं मात्र विचारलं, "टेम्पो पण गाढवासारखाच ना मग? उद्या तोही जाईल." मी म्हटलं, "घे तू." तिच्या वडिलांशी माझं बोलणं तेव्हापासून कमी झालंय.

मोहोळच्या त्या फाईलला रीजनल ऑफिसमधून मंजुरी मिळायला अडीच महिने लागले. मी 'फुटबॉल' या शब्दावर एक पानभर खुलासा लिहिला होता. पहिलं उत्तर आलं, की सदर वस्तूचा फोटो पाठवा. फोटो पाठवला. मग विचारलं, वस्तू कुणाच्या ताब्यात आहे? माझ्याच ताब्यात होती. त्या दुपारी मी ती ठेवून घेतली होती. सुतळीनं क्लेम नंबरची चिठ्ठी बांधून, पुरावा म्हणून, कपाटाच्या खालच्या खणात. अधूनमधून काढून बघायचो. खरं सांगायचं तर मला तिच्याबद्दल एक प्रकारचा आदर वाटायला लागला होता.

दसऱ्याच्या आधी ती बाई डिस्चार्ज व्हाउचरवर सही करायला आली. या वेळी एकटीच. सही शिकली होती, सावकाश केली. रेव्हेन्यू तिकिटाच्या बाहेर अक्षर जाऊ नये म्हणून हात आवरत. शिपायानं चहा आणला, तो तिनं घेतला. चेक दुमडून पिशवीत ठेवला. मग उठली नाही, थांबली. मला वाटलं काही बोलायचं असेल.

"साहेब, आमचा फुटबॉल मिळंल का माघारी?" ती म्हणाली. "उसना आनून चालवतोय आवंदा. ज्याचा हाय त्यो मागाया लागलाय."

मी कपाट उघडलं. चिठ्ठीची सुतळी सुटेना, तेव्हा शिपायानं दातानं तोडली.